झांकणाचा सांधा

किल्ले कोणीं बांधले, तोफा कोणीं ओतल्या आणि तह कोठें झाले, याची नोंद आमच्या इतिहासकारांनीं पुष्कळ काळजीनें ठेविली आहे. परंतु भांड्यावर झांकण नीट कसें बसवावें, हा प्रश्न माणसानें कसकसा सोडविला, याची नोंद ठेवण्याइतका तो कोणास महत्त्वाचा वाटला नाहीं. वस्तुतः भात मुरविणारी गृहिणी, भस्म करणारा वैद्य, कोळसा पाडणारा मजूर आणि सुरुंग भरणारा बेलदार या सर्वांचें काम एकाच विद्येवर चालतें. आग पेटविणें माणसाला फार लवकर साधलें. पेटलेली आग कोंडून तिला हवा तेवढाच श्वास घेऊं देणें त्याला बरेंच मागाहून साधलें, आणि तें अजूनहि सर्वांस साधलेलें नाहीं.

हा विषय काढण्यास निमित्त लहानसेंच आहे. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें सरकारी नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर असें झालें आहे, थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर आगटी पेटवावयाची, ज्वारीचीं कोंवळीं कणसें तींत भाजावयाचीं आणि तीं हातावर चोळून हुरडा खावयाचा, ही रीत जुनी आहे. आगटीला झांकण लागत नाहीं. निखाऱ्यांत कणीस खुपसलें कीं थोडक्या वेळांत काम होतें. अलीकडे मात्र हौशी मंडळी तेलाचें रिकामें लोखंडी पिंप चिरून, त्याला बिजागऱ्या लावून, मंद आंचेवर आणि धुरावर पांच-सहा तास मांस शिजविण्याची भट्टी घरच्या घरीं करूं लागली आहेत. ही तऱ्हा अमेरिकेकडची. ज्यानें ज्यानें अशी भट्टी केली त्याची तक्रार बहुधा एकच असते: झांकणाच्या सांध्यांतून धूर गळतो व आंच ताब्यांत राहात नाहीं. यावर उपाय शोधावयास लोक परदेशी दुकानांकडे पाहतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या उपायाचा इतिहास आपल्या दाराशीं आहे. आणि तो नीट पाहिला तर सांधा कशानें बुजवावा याच्या आधींचा प्रश्न तो आपल्यापुढें ठेवितो, तो असा कीं, आंत काय ठेवावयाचें आहे आणि बाहेर काय जाऊं द्यावयाचें आहे?

प्रथम या पिंपाचीच हकीकत पाहूं. पोलादी पिंपाचें पेटंट अमेरिकेंत १९०५ सालीं हेन्री वेरहान या कारागिराला मिळालें. नेली ब्लाय या नांवानें गाजलेल्या स्त्री-पत्रकाराच्या मालकीच्या कारखान्यांत तो नोकरीस होता. त्यापूर्वीं तेल लांकडी पिंपांतून जात असे, आणि तीं गळत. म्हणजे ज्या वस्तूच्या गळतीबद्दल आज तक्रार होते, ती वस्तु जन्मास आली तीच गळती थांबविण्यासाठीं. दुसऱ्या महायुद्धांत इंधन वाहून नेण्यास सुमारें दोनशें लिटरचें हें पिंप जगभर गेलें, आणि रिकामें झाल्यावर ठिकठिकाणच्या लोकांनीं त्याचे पाण्याचे हौद, कचऱ्याचे डबे आणि भट्ट्या केल्या. पिंप अखंड असतें तोंवर त्याचा गोल आकारच त्याला ताठ ठेवितो. तें लांबीच्या बाजूनें चिरलें कीं पत्र्यांतला ताण सुटतो आणि दोन्ही अर्धीं फांकतात. मग एकाच पिंपाचीं दोन अर्धीं असूनहि वरचें खालच्यावर बसत नाहीं. त्यांतून आगीनें पत्रा एका बाजूला अधिक तापतो, वांकतो, आणि फट आणखी वाढते. गळतीचें मूळ हें असें आहे. सांध्याला कांहीं लावावयाचें राहून गेलें, हें तिचें खरें कारण नव्हे. मुळांत दोन कांठच जुळलेले नाहींत.

दोन कांठ जुळविण्याची आमच्या भागांतील सर्वांत जुनी साक्ष प्रवरेच्या कांठीं आहे. संगमनेरजवळ जोर्वें हें गांव आहे. तेथें १९५०-५१ सालीं डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनीं उत्खनन केलें, आणि तेथील मृत्पात्रांवरून महाराष्ट्रांतील एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस जोर्वे संस्कृति हें नांव पडलें. याच प्रवरेच्या कांठीं नेवासें आणि दायमाबाद येथेंहि त्या लोकांच्या वस्त्या सांपडल्या. त्यांच्यांत मूल मेलें कीं तें घराच्या जमिनीखालीं दोन कुंभांत पुरीत; कुंभ आडवे ठेवून त्यांचीं तोंडें एकमेकांस भिडविलेलीं असत. ही रीत इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते १००० या काळांतील होय. आईबापांच्या दुःखाविषयीं त्या मडक्यांवरून आम्ही कांहीं अनुमान काढूं इच्छीत नाहीं. परंतु तोंडाला तोंड भिडवावयाचें तर दोन्ही कांठ गोल आणि जवळपास एका मापाचे असावे लागतात, हें ज्ञान त्या कुंभारांच्या हातांत होतें, एवढें तरी निःसंशय म्हणतां येईल. फट भरण्यापूर्वीं कांठ जुळवावा, हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा वैद्यांनीं दिला. तेराव्या शतकाच्या सुमाराचा म्हणून समजला जाणारा रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें छापला आहे. त्यांत पारा, गंधक, धातु यांवर काम करण्याचीं अनेक यंत्रें सांगितलीं आहेत. यंत्र म्हणजे येथें बहुतेक मडक्यांचीच मांडणी होय. हिंगुळापासून पारा काढावयाचा तर खालच्या मडक्यांत हिंगूळ ठेवून वर दुसरें मडकें उपडें घालावयाचें. वरच्याच्या बुडावर ओलें फडकें ठेवावयाचें. खालून आंच दिली कीं पाऱ्याची वाफ वर जाऊन थंड बुडाला पाऱ्याच्या कणांच्या रूपानें चिकटते. दोन मडक्यांचा आकार डमरूसारखा होतो, म्हणून हें डमरुयंत्र. त्याच्या सांध्यांतून वाफ निसटली तर पारा तर जातोच, पण ती वाफ वैद्याच्याच फुप्फुसांत जाते. म्हणून या सांध्यावर कपडमाती करितात. मातींत बुडविलेली कापडाची पट्टी गुंडाळावयाची, ती पुरती वाळूं द्यावयाची, मग दुसरी, आणि अशा सात. माती वाळतांना आक्रसते व तडकते. कापडाचे धागे तिला धरून ठेवितात. एकदम जाड थर दिला तर तो वरून वाळतो, आंत ओला राहतो, आणि आंच लागतांच फुटतो. सात या आंकड्यांत मंत्रतंत्र पाहण्याचें कारण नाहीं; त्यांत पातळ थरांचा हिशेब आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, त्या शास्त्रांत पाण्याशीं गांठ असेल तेथें एक माती आणि आगीशीं असेल तेथें दुसरी, असा भेद केलेला आहे. पहिली तोयमृत्स्ना: लोखंडाचें जुनें कीट, गूळ व चुना हीं बाभळीच्या काढ्यांत घोटून केलेली. दुसरी वह्निमृत्स्ना: खडू, मीठ आणि कीट म्हशीच्या दुधांत वाटून केलेली. एकच लांबी सर्व सांध्यांस चालत नाहीं, हें या मंडळींस पुरतें ठाऊक होतें. ही विद्या नुसती पोथींत राहिली असेंहि नव्हे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं अहमदनगरांत आयुर्वेदाचें विद्यालय काढलें. तें आज त्यांच्याच नांवानें महाविद्यालय म्हणून चालू आहे. औषधीगुणधर्मशास्त्र हा त्यांचा मराठी ग्रंथ वैद्यांच्या संग्रहीं अजून असतो. दोन मातीच्या पणत्या एकमेकींवर उपड्या घालून, सांधा कपडमातीनें बंद करून, शेणींच्या आगींत पुट देण्याची क्रिया या विद्येच्या विद्यार्थ्यास आजहि हातानें करावी लागते.

तिसरा धडा स्वयंपाकघराचा. फारशींत दम म्हणजे श्वास. मराठीनें हा शब्द घेतला आणि त्याला इतक्या जागीं वापरलें कीं त्याचें परकेपण उरलें नाहीं: आपण दम धरतों, दम देतों, दमानें घेतों, आणि भाताला दम आणतों. दमपुख्त म्हणजे श्वास कोंडून शिजविलेलें. हा प्रकार लखनौच्या नबाब असफुद्दौल्यानें १७८४ च्या दुष्काळांत इमामवाड्याच्या मजुरांसाठीं शिजणाऱ्या हंड्यांतून शोधला, अशी कथा मोठ्या आवडीनें सांगतात. ती खरी धरतां येत नाहीं; कारण त्याआधीं सुमारें दोनशें वर्षें अबुल फजलानें ऐने अकबरींत दमपुख्ताचें प्रमाण देऊन ठेविलें आहे: दहा शेर मांस, दोन शेर तूप, एक शेर कांदा, आणि पुढें आलें, मिरें, लवंगा, वेलदोडे. हाच अबुल फजल १५९९ सालीं दक्षिणेंत आला, आणि पुढच्याच वर्षीं अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हातीं पडला.

दमाच्या हंडीचा सांधा कणकेच्या वातीनें बंद करितात. तेथें कपडमाती कां नको, याचें कारण उघड आहे. हंडीचें झांकण जेवणाच्या वेळीं उघडावयाचें असतें, आणि अन्नांत मातीचा कण पडलेला कोणास खपत नाहीं. कणीक ओली असतांना प्रत्येक खांचेंत शिरते. वाफ लागली कीं तिच्यांतलें पीठ शिजून चिकटतें, बाहेरून वाळून कठीण होतें, आणि सुरीच्या एका टोंचणीनें निघतें. वैद्याचा सांधा फुटूं नये म्हणून केलेला असतो. आचाऱ्याचा सांधा वेळ आली म्हणजे सहज फुटावा म्हणून केलेला असतो. दोघांची वस्तु निराळी, कारण दोघांचा हेतु निराळा. आणि कणकेंतूनहि एखाद्या जागीं वाफेची बारीक शीळ येते. आचारी तिला दोष मानीत नाहीं, त्या शिळेवरून तो हंडीच्या पोटांतलें ओळखतो.

ती शीळ मुळींच येऊं दिली नाहीं तर काय होतें, हें अहमदनगरच्या तटानें पाहिलें आहे. १५९६ च्या फेब्रुवारींत शाहजादा मुरादाच्या फौजेनें किल्ल्याखालीं सुरुंग खणले. त्यांपैकीं कांहीं आंतल्या लोकांनीं शोधून निकामी केले. एक उडाला आणि तटास मोठें खिंडार पडलें. चांदबिबीनें उभें राहून तें रात्रींतून बुजवून घेतलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. बंदुकीची दारू उघड्यावर पेटविली तर भडकून जाते. तीच कोंडून पेटविली तर तट उडवते. बळ दारूचें खरें, पण त्याला धार येते ती कोंडण्यानें. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यानें १६७९ सालीं लंडनमध्यें वाफ कोंडून हाडें शिजविणारें भांडें दाखविलें. असें भांडें फुटूं नये म्हणून त्यानें त्यावर वजनाची झडप बसविली. आज घरोघरीं वाजणारी शिट्टी ही त्याच झडपेची वंशज होय. १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर आपल्या देशांत तयार होऊं लागला, आणि कणकेच्या वातीची जागा रबराच्या कड्यानें घेतली. कडें सैल झालें कीं शिट्टी होत नाहीं हें घरांतल्या प्रत्येकास कळतें. परंतु शिट्टीचें भोंक बुजलें तर कडें घट्ट असणें हेंच संकट होतें, हें मात्र सर्वांच्या ध्यानांत असतेंच असें नाहीं.

येथेंच पिंपाच्या भट्टीवाल्यांस एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. तेलाचें किंवा पेट्रोलचें रिकामें दिसणारें पिंप रिकामें नसतें. त्यांत वाफ भरलेली असते. तें बूच लावलेलें तसेंच ठेवून यंत्रानें किंवा ज्योतीनें कापावयास घेतलें तर तें सुरुंगासारखें उडतें, आणि कापणारा प्राणास मुकतो. तसेंच ज्या पिंपांत कीटकनाशक अथवा दुसरें रसायन होतें, तें कितीहि धुतलें-जाळलें तरी अन्नाच्या उपयोगाचें नव्हे. जस्ताचा मुलामा असलेला पत्राहि आगीजवळ नको.

आतां चौथा धडा, आणि आमच्या मतें सर्वांत चतुर. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत थंडींत पोपटी लावितात. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि इतर जिन्नस भरून, तोंडाशीं पुन्हा पाला कोंबून मडकें जमिनीवर उपडें घालितात व सभोंवार आग करितात. येथें ना कणीक, ना माती. गरम वाफ हलकी असल्यामुळें वर चढते, आणि वर तर मडक्याचें अखंड बूड आहे. तोंड खालीं असल्यानें फट असली तरी वाफेला तिकडून निसटण्याची घाई नसते. सांधा न बुजवितां त्याची जागाच बदलली! गळती ही फटीच्या आकारावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती फट कोठें आहे यावरहि असते, हें याहून सोप्या रीतीनें कोणी सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

पिंप आणि आग यांचा मेळ घालण्याचें आधुनिक उदाहरणहि आपल्याकडचेंच आहे. नगर जिल्हा उंसाचा. ऊंस तोडल्यावर पाचट शेतांतच जाळून टाकण्याची जुनी संवय. डॉ. आनंद कर्वे यांनीं १९९६ सालीं स्थापलेल्या पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेनें या पाचटाचा कोळसा पाडण्याची पिंपाची भट्टी तयार केली, व त्या कामाबद्दल तिला २००२ सालीं इंग्लंडचें ॲश्डेन पारितोषिक मिळालें. तींत पाचट लहान डब्यांत ठांसून ते डबे मोठ्या पिंपांत ठेवितात. डब्यांत बाहेरची हवा शिरूं देत नाहींत. शिरली तर कोळशाची राखच होईल. पण पाचटांतून सुटणाऱ्या जळाऊ वायूस बाहेर पडण्याची वाट ठेविलेली असते, आणि तो वायु बाहेर येऊन डब्यांखालीं जळतो व भट्टी चालवितो. हवेला येण्यास बंदी, वायूला जाण्यास मुभा. हाच चुरा पुढें कांडी कोळशाच्या रूपानें चुलींत जातो.

हे चार धडे गांठीं बांधून आमच्या गळक्या पिंपाकडे परत येऊं. हें पिंप वैद्याचें संपुट नव्हे आणि दमाची हंडीहि नव्हे. कारण त्याच्या पोटांतच आग आहे, आणि आगीला श्वास पाहिजे. तें सर्व बाजूंनीं बंद केलें तर कोळसे विझतात, आणि विझतांना काजळीचा कडवट धूर अन्नावर बसतो. आपणांस पाहिजे तें इतकेंच, कीं हवा आपण ठेवलेल्या खालच्या भोंकानेंच आंत यावी आणि धूर आपण ठेवलेल्या वरच्या धुराड्यानेंच बाहेर जावा. गरम धूर वर चढतो आणि आपल्यामागें खालून हवा ओढतो. म्हणून खालच्या बाजूची फट ही खरी शत्रु. ती आगीला परस्पर हवा पुरविते व आंच चढत जाते. वरच्या झांकणांतून डोळ्यांना दिसणारा धूर हा मात्र बहुतांशीं दुसरें धुराडेंच होय. खालचीं भोंकें घट्ट असतील तर त्याचें नुकसान बेताचें असतें. उभ्या पिंपाच्या माथ्यावरच्या गळतीनें म्हणूनच फारसें बिघडत नाहीं. आडव्या चिरलेल्या पिंपाचा सांधा आगीच्या वर थोड्याच उंचीवर येतो, आणि तेथें धूर निघतोहि व हवा शिरतेहि. तेथें काळजी घेतली पाहिजे.

ती काळजी कोणत्या क्रमानें घ्यावी हें इतिहासानेंच सांगितलें आहे. आधीं कुंभाराचें काम: झांकण मिटून आंत दिवा ठेवावा, अंधारांत उजेड कोठून येतो तें खडूनें खुणावें, आणि लांकडावर ठेवून हातोडीनें कांठ जुळवावा. वरच्या अर्ध्याच्या कडेला बाहेरून दोन बोटें रुंदीची लोखंडी पट्टी अशी जोडावी कीं ती खालच्या कडेवर उतरेल. पुष्कळशी गळती एवढ्यानेंच जाते. उरलेल्या फटीला मग आगीची माती शोधावी. पूर्वीं अशा जागीं ॲस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरीत. तिचे तंतु श्वासावाटें जाऊन फुप्फुसांचे असाध्य रोग व कर्करोग उत्पन्न करितात, म्हणून जुन्या बंबावरची ती दोरी काढून भट्टीस लावण्याचा मोह कोणींहि धरूं नये. काचतंतूची विणलेली दोरी मिळते, ती आंच सोसते. आणि ती नसेल त्या दिवशीं कणकेची वात आहेच. मंद भट्टीची आंच सुमारें ११० ते १२० अंश असते. तेवढ्यांत कणीक वाळते पण जळून जात नाहीं. खालच्या बाजूस, जेथें उघडण्याचें कारण नाहीं, तेथें शेण, भुसा व पांढरी माती यांचें पातळ थरांचें लिंपण वाळवून वाळवून द्यावें. एक गोष्ट मात्र विसरूं नये: कोळशाच्या आगींतून निघणारा एक विषारी वायु डोळ्यांस दिसत नाहीं आणि नाकास कळत नाहीं, सांधा कितीहि नीट केला तरी अशी भट्टी बंद खोलींत पेटवूं नये.

या सर्व इतिहासांत मोठीं नांवें थोडीं आहेत, आणि जीं आहेत त्यांपैकीं कांहीं उगाच आहेत. दमाचें श्रेय नबाबास मिळालें. परंतु हंडीच्या कांठावर कणकेची वात फिरविणाऱ्या आचाऱ्याचें नांव ऐने अकबरींतहि नाहीं. रसग्रंथ ग्रंथकाराच्या नांवानें चालतात. सांध्यावर सातवी पट्टी गुंडाळून ती वाळेपर्यंत वाट पाहणारा शिष्य निनांवी राहिला. चुलीला पोतेरें देणाऱ्या आणि कणगीचें तोंड शेणामातीनें लिंपणाऱ्या बायांच्या कामास तर विद्या हा शब्दच आम्ही कधीं लाविला नाहीं. तथापि माती कशांत कालवावी, थर किती पातळ द्यावा, फट कोठें ठेवावी आणि कोठें बुजवावी, हें ज्ञान तीन हजार वर्षें चालत आलें तें याच हातांतून. घरीं केलेल्या पिंपाचा सांधा आज जो कोणी बंद करूं पाहील, त्यानें दोरी विकत आणण्यापूर्वीं आपल्याच घरांतल्या एखाद्या वृद्ध बाईस माती कशी मळावी तें विचारावें. तिला पिंपाची भट्टी ठाऊक नसेल. सांधा ठाऊक असेल.